पाणी सांगणारे आणि पाणी मोजणारे

फेब्रुवारी सरत आला की उत्तर कोरेगावात, वाठार स्टेशन ते पिंपोडे या पट्ट्यात, बोअर मारणाऱ्या गाड्यांची ये-जा वाढते. गाडी रानात शिरण्याआधी तिथे एक माणूस येऊन गेलेला असतो. तो कधी नारळवाला असतो, कधी तारवाला, तर अलीकडे यंत्रवाला. तो जिथे टाच रोवून उभा राहतो तिथे एक दगड ठेवला जातो आणि दगडाला हळदकुंकू लागते. मग रात्रभर खडकाचा भुगा उडत राहतो. सकाळी पाणी लागलेले असते किंवा नसते. लागले तर 'त्यांनी सांगितलंच होतं'. नाही लागले तर 'आपल्या नशिबात नव्हतं'. यश सांगणाऱ्याच्या खात्यावर आणि अपयश शेतकऱ्याच्या, असा हा जमाखर्च आहे. बोअर, केसिंग पाइप, मोटर आणि केबल धरून खर्च सहज लाखाच्या वर जातो, आणि तो बहुधा उसनवारीचा असतो. म्हणून या जमाखर्चाची तपासणी व्हायला हवी.

शाळांमधून आम्हांला एक प्रश्न हटकून विचारला जातो: 'नारळाने पाणी कळतं का हो?' याचे उत्तर 'नाही' असे एका शब्दात देऊन मोकळे होता येते. परंतु तेवढ्याने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. कारण त्याच्या आजोबांची विहीर पाणाड्याने दाखवलेल्या जागीच लागलेली असते आणि तिला आजही पाणी असते. हा पुरावा तो डोळ्यांनी पाहत आलेला आहे. तेव्हा पाणी शोधण्याविषयी जे जे सांगितले आणि लिहिले गेले आहे, त्यांतील काही मजकूर शेजारी शेजारी ठेवून पाहणे आम्हांला अधिक उपयोगाचे वाटते.

त्याआधी जमिनीविषयी थोडे. कोरेगाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. महाबळेश्वरला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत साठेक किलोमीटरवरच्या कोरेगावात त्याचा आठवा-नववा हिस्सा पडतो आणि आणखी चाळीस किलोमीटर पूर्वेला, माणातल्या दहिवडीला, त्याहूनही कमी. या सगळ्या मुलखाखाली खडक एकच, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकामागून एक पसरले आणि थंड झाले. प्रत्येक लोटाच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून भोकाभोकांचा खडक तयार झाला, मध्यभाग घट्ट राहिला. दोन लोटांच्या सांध्यावर पुष्कळ ठिकाणी गेरूसारखा तांबडा थर सापडतो. विहीर खोदणाऱ्या कोणत्याही जुन्या माणसाला हे थर ठाऊक असतात, त्याने भूशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसले तरी.

आता गंमत अशी की फळ्यावर विहिरीचे जे चित्र आपण काढतो ते या जमिनीचे नसते. जमिनीखाली वाळूचा थर, त्यात एका पातळीपर्यंत भरलेले पाणी आणि त्या पातळीपर्यंत पोचलेली विहीर, हे चित्र गंगेच्या मैदानाला शोभते. तिथे वाळूच्या कणाकणांमधली जागा पाण्याने भरलेली असते. कुठेही खणा, साधारण त्याच खोलीवर पाणी लागेल. घट्ट बेसाल्टमध्ये कणांमधली जागा जवळजवळ नसतेच. पाणी राहते ते वरच्या मुरमात, झिजलेल्या सच्छिद्र थरात आणि भेगांमध्ये. सच्छिद्र खडकाची भोकेही एकमेकांना जोडलेली नसतील, किंवा मागाहून स्फटिकांनी बुजली असतील, तर उपयोगाची नाहीत. म्हणून एका बांधाच्या अलीकडे भरलेली विहीर आणि पलीकडे कोरडे बोअर, हा प्रकार आपल्याकडे रोजचा आहे. त्यात चमत्कार नाही.

याच रचनेमुळे पाणी कधी कधी भलत्याच ठिकाणी भेटते. सातारा रोडजवळ नांदगिरीचा कल्याणगड आहे. गडाच्या पोटात खडकात कोरलेली गुहा आहे आणि तिच्यात पाणी असते. पायथ्याच्या विहिरी तळाला गेलेल्या असताना डोंगरात पाणी कसे, असे सहलीला गेलेली मुले विचारतात. वरच्या थरात मुरलेले पाणी खालच्या घट्ट थरावर अडते आणि आडवे सरकते. जिथे डोंगराची कड किंवा कोरलेली पोकळी त्या थराला छेदते तिथे ते बाहेर येते. हा धडा वर्गात शिकवण्यापेक्षा त्या गुहेच्या तोंडाशी उभे राहून शिकवावा.

आता मजकुरांकडे वळू. पहिला सर्वांत जुना, आणि आजकाल पाणाड्यांच्या पत्रकांतून सर्वांत अधिक वेठीस धरला जाणारा. सहाव्या शतकात उज्जैनीच्या वराहमिहिराने बृहत्संहितेत 'दकार्गल' नावाचा एक संपूर्ण अध्याय भूमिगत पाण्याला दिला आहे. दक म्हणजे पाणी, अर्गला म्हणजे अडसर. आपल्या आधी सारस्वत आणि मनू यांनी हा विषय हाताळला होता, हे तो प्रामाणिकपणे नोंदवतो. माणसाच्या शरीरात जशा शिरा तशा जमिनीत पाण्याच्या शिरा, ही त्याची कल्पना. आकाशातून पडणारे पाणी एकाच रंगाचे आणि एकाच चवीचे असते, जमिनीच्या गुणांमुळे ते निरनिराळ्या रंगाचे आणि चवीचे होते, असेही तो सुरुवातीलाच सांगतो. हे दुसरे विधान आजच्या जलरसायनशास्त्राच्या पुस्तकातही पहिल्या पानावर खपून जाईल.

पुढे येतात त्या खुणा. जांभळाच्या झाडाजवळ पूर्वेला वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोडे पाणी लागेल. अर्ध्या पुरुषावर मासा निघेल, मग पारव्याच्या रंगाचा दगड, मग निळसर माती. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या असलेल्या माणसाची उंची, सुमारे साडेसात फूट. अशा खुणांची लांबलचक मालिका आहे, कोरड्या मरुप्रदेशासाठी वेगळी तरतूद आहे. फुटत नसलेला कातळ आगीने तापवून त्यावर चुन्याचे पाणी ओतण्याची कृती आहे, आणि गढूळ, खारट पाणी गोडे करण्यासाठी आवळा, निवळीच्या बिया वगैरेंचा नुस्खाही आहे.

या अध्यायाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, की यात आधुनिक भूजलशास्त्र सगळे आधीच आहे. दुसरे, की हे सगळे थोतांड आहे. दोन्ही मते मांडणाऱ्यांनी अध्याय वाचलेला नसतो अशी आम्हांला दाट शंका आहे.

झाडांच्या खुणा पाहा. उंबर, जांभूळ, अर्जुन, करंज ही झाडे ओलाव्याच्या आश्रयाने वाढतात, अर्जुन तर ओढ्याकाठचाच रहिवासी. जमिनीखाली पंधरा-वीस फुटांवर पाणी असेल तर अशी झाडे त्याची साक्ष देतात, यात शंका नाही. वराहमिहिराच्या काळी पाणी हातांनी खणायचे होते आणि तेवढ्याच खोलीला अर्थ होता. परंतु झाड ज्याची साक्ष देते ते पाणी केव्हाचे? चाळीस वर्षांचा उंबर आपल्याला चाळीस वर्षांपूर्वी, तो रोप असताना, ओल कुठे होती ते सांगतो. त्यानंतर गावात दीडशे मोटारी बसल्या असतील तर उंबराला त्याची खबर नसते. त्याची मुळे जुन्या ओलीवर कशीबशी तग धरून असतात. तीनशे फुटांवरच्या भेगेविषयी तर तो काहीच सांगत नाही. तेव्हा उंबराखाली तीनशे फूट बोअर घेऊन 'वराहमिहिराचे शास्त्र' म्हणणे हा वराहमिहिरावर अन्याय आहे. वारुळांचेही तसेच. वाळवीला ओलावा लागतो हे खरे, पण वारूळ आणि पाणी यांची सांगड किती वेळा जमली आणि किती वेळा हुकली याची मोजदाद त्या अध्यायात नाही.

मासा आणि पारव्याच्या रंगाचा दगड यांचे काय करायचे? इथे आमचे मत थोडे वेगळे आहे. अर्ध्या पुरुषावर मासा निघणार नाही हे कळायला चार फूट खणले की पुरे. म्हणजे हे विधान खोटे ठरू शकते, आणि कुठे, कसे खोटे ठरेल हे वराहमिहिराने स्वतःच सांगून ठेवले आहे. जागा, दिशा, खोली, वाटेत लागणारे थर, पाण्याची चव, असे सगळे त्याने बांधून घेतले आहे. नारळवाला असे काही बांधून घेत नाही. दोनशे फुटांवर पाणी नाही लागले तर तो म्हणतो, आणखी पन्नास जा. म्हणून शास्त्राच्या दृष्टीने आम्ही वराहमिहिराला नारळवाल्यापेक्षा कितीतरी वरचे स्थान देतो, त्याची पुष्कळ विधाने चुकीची असूनही.

आता तो नारळवाला. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहतो, बेचक्याची काठी खाली ओढली जाते, हातातल्या दोन तारा एकमेकींना छेदतात. सांगणारा पायाळू असेल तर विचारायलाच नको, पायाकडून जन्मलेल्याला जमिनीतले पाणी आणि धन दिसते अशी समजूत आहे. यातले बहुतेक लोक लबाड नसतात, हे आधी स्पष्ट करू. काठी खरोखरच वळते, पण तिला वळवतात ते त्यांचेच स्नायू, त्यांच्या नकळत. बेचक्याची काठी ताणून धरली की ती तोल सुटण्याच्या बेतात असते. मनगट केसभर फिरले तरी टोक वीतभर हलते. अपेक्षेमुळे घडणाऱ्या अशा नकळत हालचालींचा खुलासा विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ साली केला होता. युरोपात ही काठी त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या अॅग्रिकोलाच्या खाणशास्त्रावरील ग्रंथात काठीवाल्यांचे वर्णन आहे, आणि खाणीच्या जाणकाराने तिच्या नादी लागू नये असा सल्लाही आहे.

चाचण्याही झाल्या आहेत. १९८७-८८ मध्ये जर्मनीत म्यूनिकजवळ एका धान्याच्या कोठारात पाण्याचा पाइप गाड्यावर ठेवून तळमजल्यावर हवा तिथे सरकवला जाई. वरच्या मजल्यावरून काठीवाल्याने तो कुठे आहे ते सांगायचे. शेकडो उमेदवारांतून निवडलेल्या ४३ जणांनी मिळून ८४३ प्रयत्न केले. प्रयोग करणाऱ्यांनी काही थोडे जण खरोखर निष्णात असल्याचा निष्कर्ष काढला. पुढे जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासून दाखवले की हे 'निष्णात' लोक निकाल पाहिल्यावर निवडलेले होते आणि स्वतःचे यश त्यांना पुन्हा करून दाखवता आले नव्हते. शंभर मुलांनी नाणे उडवले तर एखाद्याला ओळीने सहा छापे पडतातच, त्या मुलाला छापशास्त्री म्हणायचे नसते. १९९० साली कासेल येथे आणखी साधी चाचणी झाली. पन्नास सेंटिमीटर खोल पुरलेल्या पाइपातून पाणी वाहत आहे की नाही एवढेच तीस काठीवाल्यांनी सांगायचे होते. निकाल अंदाजपंचे उत्तरांइतकाच लागला.

'पाइपातलं पाणी आणि जमिनीतलं पाणी वेगळं' असा आक्षेप यावर घेतला जातो. ठीक आहे. मग आजोबांच्या विहिरीकडेच वळू. समजा एखाद्या गावात डोळे मिटून कुठेही बोअर घेतले तरी शंभरांतल्या साठांना थोडेफार पाणी लागते. अशा गावात पाणाड्याने दाखवलेल्या शंभर जागांपैकी साठ लागल्या, तर त्याने काय केले? काहीच नाही. तरीही साठ कुटुंबे त्याचे नाव घेतील, आणि तेवढ्यावर त्याचा पिढीजात लौकिक उभा राहील. उरलेली चाळीस कुटुंबे गप्प राहतात, कोरड्या बोअरची जाहिरात कोण करतो? आता समजा त्याच्या सत्तर जागा लागल्या. तर वरच्या दहांचे श्रेय त्याला आहेच, पण ते काठीचे की डोळ्यांचे? अनुभवी पाणाडी डोंगरउतारावर उभा राहत नाही. ओढ्याच्या वळणाजवळ, खोलगट रानात, हिरव्या बांधाजवळ, शेजाऱ्याच्या लागलेल्या विहिरीच्या रोखाने त्याची पावले आपसूक वळतात. हे ज्ञान खरे आहे आणि मौल्यवान आहे. फक्त ते नारळात नसते.

हे वेगळे कसे काढायचे? यासाठी एक पैही न खर्चता, एकही भोक न पाडता करता येईल अशी चाचणी आम्ही सुचवतो. पाणाड्याला शाळेच्या मैदानावर बोलवावे, मानाने बोलवावे. त्याने दाखवलेल्या जागा कडेच्या दोन झाडांपासून टेप लावून मोजाव्यात आणि खुणा पुसून टाकाव्यात. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, मैदानाच्या दुसऱ्या बाजूने, हाताला धरून त्याला पुन्हा फिरवावे. हात धरणाऱ्याला कालच्या जागा माहीत नसाव्यात. पाणी रातोरात हललेले नाही. जागा त्याच आल्या पाहिजेत. नाही आल्या, तर काठी पाण्यामुळे वळत नव्हती.

दुसरा मजकूर आमच्याच व्यवसायातला, आणि त्यावरही टीका व्हायला हवी. विद्युत रोधकता मापन ही पद्धत १९१० च्या दशकात फ्रान्समध्ये श्लुंबर्जे आणि अमेरिकेत वेनर यांनी उभी केली. जमिनीत एका ओळीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोहोंतून वीज सोडायची, आतल्या दोहोंमध्ये विद्युत दाब मोजायचा. बाहेरच्या खुंट्या दूर दूर नेत गेले की वीज अधिक खोल थरांतून जाऊ लागते. मिळालेल्या आकड्यांवरून खोलीनुसार खडकाची रोधकता काढता येते. घट्ट कोरडा बेसाल्ट विजेला जोराने अडवतो. पाण्याने भरलेला, झिजलेला बेसाल्ट कमी अडवतो, त्याची रोधकता ढोबळमानाने काही दशक ओहम-मीटर असते.

इथपर्यंत सगळे शुद्ध पदार्थविज्ञान आहे. अडचण पुढे आहे. यंत्र पाणी मोजत नाही, रोधकता मोजते. चिकणमातीची रोधकताही कमी असते, आणि दोन लोटांमधला तो तांबडा थर चिकणमातीसारखाच वागतो. त्यात ओल असते, पण ती विहिरीला सुटत नाही. म्हणजे यंत्राने 'कमी रोधकता' दाखवली की ते पाणी असेल किंवा चिखल असेल. शिवाय एकाच प्रकारचे आकडे दोन वेगळ्या थररचनांतून येऊ शकतात, जाड थर मध्यम रोधकतेचा की पातळ थर फार कमी रोधकतेचा, हे वरून नेहमी ओळखता येत नाही. आणि दोनशे फुटांवरची चार बोटे रुंदीची भेग, जी बोअरला खरे पाणी देते, ती इतक्या वरून बहुधा दिसतच नाही. म्हणून जाणकार भूवैज्ञानिक आजूबाजूच्या विहिरींचे थर आधी पाहतो, आकडे त्यांच्याशी ताडतो आणि मग 'अमुक खोलीपर्यंत शक्यता बरी आहे' एवढेच म्हणतो. लोकांना हे उत्तर आवडत नाही. त्यांना दगड ठेवायला जागा हवी असते. मग बाजारात अशी यंत्रे येतात, जी मोबाइलच्या पडद्यावर निळ्या-तांबड्या पट्ट्यांचे चित्र काढून देतात, आणि निळा पट्टा म्हणजे पाणी असे सांगितले जाते. आत काय मोजले, कोणत्या गृहीतांवर चित्र काढले, जवळच्या माहीत विहिरीवर ते ताडले का, याचा पत्ता नसतो. अशा यंत्रात आणि नारळात आम्हांला फारसा फरक दिसत नाही, नारळ निदान फोडून खाता येतो.

उपग्रहचित्रांवरून केलेल्या नकाशांविषयीही असाच एक गैरसमज आहे. १९८६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पेयजल मिशनच्या काळात देशभराचे भूजल-संभाव्यतेचे नकाशे १:२,५०,००० या प्रमाणावर तयार झाले. काम मोठे होते. पण या प्रमाणावर नकाशातला एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीचशे मीटर. पेन्सिलीच्या टोकाखाली दहा शेतकऱ्यांची राने झाकली जातात. असा नकाशा कोणत्या खोऱ्यात शोधावे ते सांगतो, कोणत्या बांधावर ते नाही. मुलांना भूगोलाच्या तासाला प्रमाण शिकवताना हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

तिसरा मजकूर अवघ्या एका वाक्याचा आहे, आणि आम्ही तो या तिन्हींत सर्वांत वर ठेवतो. कोरेगावला लागून असलेल्या खटाव तालुक्यातले कटगुण हे जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ साली लिहिलेल्या ग्रंथात उपाय सुचवताना जोतीराव सरकारला सांगतात की सर्व शेतकऱ्यांच्या शेतांचा पाणाड्यांकडून शोध करवावा, जिथे जिथे दोन मोटांहून अधिक पाण्याचे झरे सापडतील तिथल्या खुणा त्या त्या गावच्या नकाशात नोंदवाव्यात आणि सरकारी मदतीशिवाय विहिरी बांधणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत.

त्यांनीही पाणाड्यावरच भिस्त ठेवली, असे कोणी म्हणेल. १८८३ साली दुसरे कोण उपलब्ध होते? महत्त्वाचे ते पुढचे. एक, 'पाणी' असे मोघम न म्हणता जोतीरावांनी माप दिले, दोन मोटांहून अधिक. पाणी लागले की नाही हा प्रश्नच त्यांनी बदलून टाकला आणि किती लागले असा केला. दुसरे, त्यांनी नोंद मागितली, आणि ती शेतकऱ्याच्या स्मरणात नव्हे तर गावाच्या नकाशात. नकाशावर खूण झाली की ती सगळ्यांना दिसते, चुकली तर चुकलेलीही दिसते. पाणाड्याच्या लौकिकाची खरी परीक्षा अशा नकाशानेच झाली असती.

'किती' या प्रश्नाचे महत्त्व एका हिशेबाने कळेल. सहा इंची, तीनशे फूट खोल बोअर काठोकाठ भरले तरी त्यात मावते जेमतेम सोळाशे लिटर पाणी. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत दहा मीटर पाणी असेल तर ते होते दोन लाख ऐंशी हजार लिटर. म्हणजे बोअर ही साठवण नाहीच. ती नुसती नळी आहे. नळीत पाणी येणार ते आजूबाजूच्या खडकातून, शेजाऱ्याच्या विहिरीलाही जो खडक पाणी देतो त्यातून.

त्या खडकात वर्षाला किती भर पडते? कोरेगावचा पाऊस ७०० मिलिमीटर धरू आणि त्यातला दहावा हिस्सा खडकात मुरतो असे मानू. बेसाल्टच्या मुलखात हा अंदाज वावगा नाही. म्हणजे ७० मिलिमीटर. खडकातली पाणी सोडू शकणारी पोकळी दोन टक्के धरली तर ७० मिलिमीटर पाण्याने विहिरींची पातळी साडेतीन मीटरने चढते. ज्येष्ठात तळाला गेलेली विहीर आश्विनात झपाट्याने वर आलेली दिसते ती यामुळे. शेतकरी खूष होतो. पण पोकळी थोडी असल्यामुळे पातळी जेवढ्या झपाट्याने चढते तेवढ्याच झपाट्याने उतरते. आता एक हेक्टरवर मुरलेले पाणी झाले सात लाख लिटर. उसाला वर्षभरात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते. पावसाचा वाटा वजा घालून चौदाशे धरले तरी एका हेक्टर उसाला वीस हेक्टरांवर मुरलेले पाणी लागते. धोमच्या कालव्याखालच्या रानाची गोष्ट निराळी. पण नुसत्या विहिरी-बोअरवर ऊस उभा असेल तर उरलेल्या एकोणीस हेक्टरांचे मालक कोण आणि ते काय पेरणार, हा प्रश्न पाणाड्याला विचारून सुटणारा नाही.

नोंदीची यंत्रणा आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. राज्याची दीड हजारांहून अधिक पाणलोट क्षेत्रांत विभागणी करून निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळा मोजली जाते. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायला मनाई झाली. २०१४ पासून अमलात आलेल्या कायद्यात साठ मीटरांहून खोल विहीर ही वेगळी वर्गवारी आहे. कायद्यांच्या अंमलबजावणीविषयी लिहावे तेवढे थोडे, पण तो या लेखाचा विषय नाही. आमचा मुद्दा असा की एका पाणलोटात दोन-चार निरीक्षण विहिरी असतात आणि गावाला हवी असते प्रत्येक विहिरीची नोंद. ती बाहेरून कोणी येऊन करणार नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने ती स्वतः केली. गावात पाऊस मोजला जातो, त्यावरून पिके ठरतात आणि शेतीसाठी बोअर घेतले जात नाहीत. कोरेगाव तालुक्यानेही एक सुरुवात पाहिली आहे. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी निवडलेल्या तीन तालुक्यांत कोरेगाव होते आणि पहिले बक्षीस याच तालुक्यातल्या वेळू गावाने मिळवले. चर खणणे, बांध घालणे हे उत्साहाचे काम, ते जोरात झाले. विहिरीत टेप सोडून आकडा लिहिणे हे कंटाळवाणे काम, ते वर्षानुवर्षे चालवायचे तर शाळेइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण शाळेत दरवर्षी नवे हात येतात.

साधने फार लागत नाहीत. दोरीला मीटरमीटरवर गाठी मारून टोकाला वजन बांधावे. गावच्या नकाशावर प्रत्येक विहीर आणि बोअर यांना क्रमांक द्यावा. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या शेवटी, मोटर निदान रात्रभर बंद राहिल्यावर, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. बोअर कुठल्या खोलीला मुरूम संपून पाषाण लागला, कुठे तांबडा भुगा आला, पाणी कुठे लागले, हे मालकाला विचारून लिहावे. बोअर मारताना बाहेर पडणाऱ्या भुग्याची दर दहा फुटांना एक पुडी बांधून ठेवली तर सोन्याहून पिवळे. आणि कोरडी बोअरे विसरू नयेत. ती नकाशावर फुलीने दाखवावीत, ती दाखवण्याची जागा कोणी सांगितली होती तेही वहीत लिहावे. मालक आढेवेढे घेतात, त्यांना समजावून सांगावे लागते. पाचसहा वर्षांत या वहीत जी माहिती जमेल ती कोणत्याही यंत्रवाल्याच्या पेटीत नसेल.

तोपर्यंत एखाद्या पालकाने उद्याच बोअर घ्यायचे ठरवले असेल आणि सल्ला विचारला, तर? त्याला सांगावे की यंत्रवाल्याला आणा, पण तुमच्या रानात नेण्याआधी त्याला न सांगता दोन जागी यंत्र लावायला लावा. एक, चांगल्या पाण्याच्या बोअरपासून दहा पावलांवर, आणि दुसरी, जे बोअर कोरडे गेले म्हणून दगड टाकून बुजवले आहे त्याच्या शेजारी. दोन्हीकडे त्याने पाणी दाखवले तर चहा पाजून त्याला निरोप द्यावा. एका जागी बरोबर आणि एका जागी चूक निघाले तर तेही नाणे उडवण्यासारखेच झाले, आणखी चार माहीत जागांवर त्याला फिरवावे. त्यातूनही तो टिकला तर त्याच्याकडून जागा, खोली आणि तासाला किती लिटर पाणी, हे तिन्ही कागदावर लिहून घ्यावे, आणि त्या कागदाची एक प्रत शाळेच्या वहीत चिकटवावी.